अंधार पाहण्यास निघालेली मंडळी

नाशिकच्या द्वारका चौकात ज्या इसमाने भर सायंकाळी रस्ता सुखरूप ओलांडला आहे, त्याला अरण्यातील कोणत्याही श्वापदाचे भय बाळगण्याचे कारण नाही, असे आमच्या शेजारचे एक निवृत्त अव्वल कारकून नेहमी म्हणत असतात. आणि त्यांचे उभे आयुष्य महसूल खात्यात टिपणे लिहिण्यात गेलेले असल्यामुळे त्यांच्या विधानास हरकत घेण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. मुंबईचा, धुळ्याचा, पुण्याचा आणि सारडा सर्कलकडून खुद्द गावातला, असे चारी दिशांचे लोंढे जेथे एकमेकांस भिडतात, ज्याच्या डोक्यावरून उड्डाणपूल गेला आहे व पादचाऱ्यांच्या सोयीसाठी पोटातून भुयारी मार्गही काढण्यात आला, आणि इतका सरंजाम करूनही ज्याला त्याला जमिनीवरूनच, आणि तेही इतर सर्वांच्या आधी, पार व्हावयाचे असते, त्या चौकाच्या सहवासात वाढलेल्या माणसाचे कान, डोळे आणि ऐन वेळी बाजूला उडी घेण्याचे कसब ही हरणाच्या तोडीची झालेली असतात, यात शंका नाही. मात्र अव्वल कारकुनांच्या सिद्धांताचा जो उत्तरार्ध आहे, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो असा की, अरण्यात भय असलेच तर ते आपल्याबरोबर द्वारकेहून निघालेल्या मंडळींचे असते.

ज्याला या उत्तरार्धाची प्रचीती घ्यावयाची असेल त्याने मे महिन्याच्या शेवटच्या अथवा जूनच्या पहिल्या शनिवारी दुपारी चारच्या सुमारास द्वारकेवर उभे राहावे. शाळांना सुट्टी असते, लग्नसराई ओसरलेली असते, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधून झालेले असतात, दिवसभर तापलेल्या गच्च्या रात्री अकरापर्यंत निवण्याचे नाव घेत नाहीत, आणि पाऊस आज येतो, उद्या येतो, असे वायदे करीत तळकोकणात रेंगाळलेला असतो. अशा कठीण समयी मध्यमवर्गीय कुटुंबास एकाएकी निसर्गाची ओढ लागते. पूर्वी ही ओढ लागली म्हणजे माणसे सोमेश्वरला जाऊन गोदावरीत पाय बुडवीत, भेळ खात, आणि दिवेलागणीला घरी परतत. आता एवढ्याने भागत नाही. आता काजवे लागतात.

काजव्यांचा मुलूख म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. १९८६ साली घोषित झालेले, सुमारे ३६१ चौरस किलोमीटर विस्ताराचे हे अरण्य अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेवर पसरलेले असून, १,६४६ मीटर उंचीचे आणि म्हणून महाराष्ट्रात सर्वांत उंच ठरलेले कळसूबाईचे शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि प्रवरा नदीला बांध घालून इंग्रजांनी १९२६ साली पुरे केलेले भंडारदऱ्याचे धरण, असा मोठा खानदानी गोतावळा त्याच्या अवतीभवती नांदत आहे. परंतु या सर्व थोरामोठ्यांना वर्षभर जे साधत नाही, ते तांदळाच्या दाण्याहून थोडासा मोठा असा एक भुंगेरा पावसाच्या तोंडी तीन-चार आठवड्यांत साधून दाखवितो. तो नाशिक, पुणे आणि मुंबई या तिन्ही शहरांना एकाच रात्री एकाच अरुंद रस्त्यावर आणून उभे करतो.

द्वारकेहून तिकडे जाण्यास वाटा दोन. मुंबई महामार्गाने पाथर्डी फाटा, विल्होळी, घोटी, आणि घोटीहून डावीकडे वळून बारी, वारंघुशी, शेंडी, ही एक. आणि पुणे रस्त्याने सिन्नर गाठून अकोले, राजूर, ही दुसरी. पहिली सुमारे सत्तर किलोमीटरांची आहे व दुसरी लांबची आहे, हे शाळकरी पोरासही नकाशात दिसते. तथापि आमच्या सोसायटीतून पाच मोटारी निघावयाच्या असल्यामुळे या प्रश्नाचा निकाल सर्वसाधारण सभेशिवाय लागणे शक्य नव्हते. सेक्रेटरीसाहेबांचे म्हणणे असे की, घोटीच्या वाटेने सारी दुनिया जाते, सबब आपण सिन्नरने जावे. चेअरमनसाहेबांचे म्हणणे असे की, सारी दुनिया असेच म्हणून सिन्नरने जाईल, सबब आपण घोटीने जावे. अखेर दोन मोटारी एका वाटेने व तीन दुसऱ्या वाटेने जाव्यात, आणि सर्वांचे जेवण एकाच डिकीत असावे, असा ठराव बहुमताने संमत झाला.

दुपारी एकला निघावयाचे म्हणून घोषित झालेला आमचा तांडा शिरस्त्याप्रमाणे पावणेपाचला निघाला. या विलंबाचे खापर सामानावर फोडणे सामानावर अन्याय करणारे ठरेल, तरी सामानाची याद पाहण्यासारखी होती. चटया, घडीच्या खुर्च्या, पाण्याचे जार, थालीपीठे, तर्रीचा वेगळा डबा, पाव, कैरीचा तक्कू, पत्त्यांचे जोड, क्रिकेटची बॅट, ब्लूटूथचा एक स्पीकर आणि तो बिघडल्यास खोळंबा होऊ नये म्हणून दुसरा. या सर्वांवर मात केली ती सेक्रेटरीसाहेबांच्या टॉर्चने. त्याचा झोत अर्धा किलोमीटर जातो, असे दुकानदाराने त्यांना सांगितले होते, आणि तो त्यांनी मुद्दाम याच प्रसंगासाठी घेतला होता.

"एवढा मोठा कशाला?" अव्वल कारकुनांनी पृच्छा केली.

"अहो, काजवे नीट दिसायला नकोत का?" सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

घोटीपर्यंतचा प्रवास वर्णन करण्यासारखा नाही. घोटीस थांबून कुरमुरे घेतले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

येथे काजव्याविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण ज्याच्या दर्शनास आपण जातो त्याच्या घरी काय कार्य चालू आहे याची चौकशी करण्याची पद्धत अलीकडे मागे पडली आहे. हा प्राणी आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग अळीच्या रूपाने पालापाचोळ्यात व ओल्या मातीत, गोगलगायी खाऊन, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा काढतो. प्रौढ होऊन त्याला पंख फुटतात ते मृगाच्या आगेमागे, आणि त्यानंतर त्याला मिळतात ते जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यात खाण्यापिण्याकडे त्याचे फारसे चित्त नसते, कारण त्याचे लग्न ठरावयाचे असते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांच्या भोवती नर पोटाखालचा दिवा उघडझाप करीत हिंडतात, पानावर वा गवतावर बसलेली मादी पसंती असल्यास ठराविक अंतराने आपला दिवा लावून उत्तर देते, आणि एवढ्या मजकुरावर संबंध जुळतो. त्या दिव्यात उष्णता जवळजवळ नसते. तेल-वातीचा खर्च नाही, वाजंत्री नाही, मानपान नाही. अशी हजारो स्थळे जेव्हा एकाच झाडावर एका वेळी पाहिली जात असतात, तेव्हा त्यांचे दिवे हळूहळू एका तालात येतात, आणि अख्खे झाड एकदम उजळते व एकदम विझते. आता, या सांकेतिक बोलाचालीच्या मध्ये अर्धा किलोमीटर झोताचा टॉर्च शिरला असता वधूवरांना एकमेकांचे उत्तर दिसेनासे होते, आणि त्या वर्षीचा मुहूर्त टळला म्हणजे पुढच्या वर्षी अळ्या कोठून यावयाच्या, हा हिशेब वन खात्याने फलकावर लिहिला नसता तरी ज्याची मुलगी लग्नाची आहे अशा कोणाही गृहस्थास करता आला असता.

लोकांना इतक्या दूर ओढून आणण्याचे श्रेय मात्र काजव्याहून त्याच्या छायाचित्रास अधिक आहे. मोबाईलवर जे छायाचित्र सर्वत्र फिरते, ज्यात दरीभर सोन्याचा सडा पडलेला व झाडास दिवाळीच्या माळा लगडलेल्या दिसतात, ते कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, त्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवून, आणि अशी अनेक चित्रे एकावर एक रचून सिद्ध केलेले असते. म्हणजे तासाभराचा प्रकाश त्यात एका क्षणाचा म्हणून सादर झालेला असतो. प्रत्यक्षात काजवा लुकलुकतो आणि विझतो, आणि विझलेला असतो तेवढा काळ पाहणाऱ्याने धीर धरावा अशी त्याची अपेक्षा असते. सत्तर किलोमीटर मोटार हाकून, नाक्यावर शुल्क भरून, पावती खिशात घालून आलेल्या माणसाच्या अंगी एवढा धीर उरलेला नसतो. "एवढेच?" असा प्रश्न त्या रात्री प्रत्येक झाडाखाली मराठीत, हिंदीत आणि गुजराथीत विचारला जातो.

शेंडीच्या नाक्यावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि द्वारका आमच्या आधीच येऊन पोचली होती. तोच भोंगा, तीच पुढच्याच्या पाठीस नाक लावून उभे राहण्याची तऱ्हा, तेच समोरून येणाऱ्याची वाट अडवून वर त्यालाच दोन हातांनी 'आता मी काय करू?' असे विचारणे. फरक एवढाच की, द्वारकेवर दोन्ही बाजूंस दुकाने आहेत आणि येथे एका बाजूस डोंगर व दुसऱ्या बाजूस दरी होती. रस्त्यावर मोजके वनरक्षक आणि गावातली काही पोरे हातात शिट्ट्या घेऊन उभी होती, आणि शेकडो मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात, दिवे बंद करण्याची विनंती करीत फिरत होती. मुतखेल, रतनवाडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर ही वस्तीची गावे. तेथील महादेव कोळी व ठाकर लोकांच्या घरांपुढे तंबू लागलेले, चुलीवर पिठले शिजत असलेले. वर्षाकाठी जो काही रोकड पैसा या खेड्यांत येतो त्यातला बराचसा या तीन-चार आठवड्यांत येतो, ही गोष्ट नोंदविल्यावाचून पर्यटकांच्या नावाने बोटे मोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र ते पिठले-भाकरीचे पैसे मिळविण्यासाठी त्या माणसांना रात्री दोन वाजेपर्यंत जे ऐकावे लागते, त्याचा दर कोठल्याच पाटीवर लिहिलेला नसतो.

आमच्या मोटारीपाशी आलेला वाटाड्या विशीतला पोरगा होता. तो काचेत डोके घालून म्हणाला, "दादा, गाडी इथंच लावा. आता पायी चला. बॅटरी नका लावू, शूज घाला, चप्पल नको. आन् मावशी, झाडाखाली नका जाऊ, रस्त्यावरूनच बघा."

"झाडाखाली का नाही?" आमच्या वहिनींनी विचारले.

"खाली गवतात त्यांच्या माद्या असतात, तुडवल्या जातात. आन् कधी जनावर पण असतं."

येथे जनावर म्हणजे साप, हे वहिनींना अव्वल कारकुनांनी समजावून सांगितल्यावर त्या मोटारीतून उतरण्यासच तयार होईनात. वास्तविक त्या पोराने दोन वाक्यांत जे सांगितले त्यात सुरक्षित वनविहाराचे बहुतेक शास्त्र आलेले होते. उरलेले अव्वल कारकुनांनी पुरविले. वळवाचे दिवस आहेत, वीज कडाडू लागली तर झाडाखाली उभे न राहता मोटारीत येऊन बसावे. धरणाचे पाणी शांत दिसते म्हणून अंधारात काठावर उतरू नये. परतीचा घाट झोपेच्या डोळ्यांनी उतरण्यापेक्षा तंबूत मुक्काम करावा. मोबाईलला येथे संपर्क मिळेलच असे नाही, सबब कोण कोणाबरोबर आहे हे आधीच ठरवून ठेवावे. दिवा लागलाच तर त्यास लाल जिलेटीन लावावे, कारण तांबडा उजेड काजव्यांस फारसा जाचत नाही. आणि हे सर्व करण्याची तसदी नको असेल तर शनिवार-रविवार सोडून मंगळवारी यावे. हा अखेरचा सल्ला इतका उघड शहाणपणाचा होता की तो कोणीही मनावर घेतला नाही. सर्वांनी मंगळवारी यावयाचे ठरविले तर मंगळवारचा शनिवार होईल, असा बिनतोड युक्तिवाद चेअरमनसाहेबांनी केला, आणि ते पुन्हा सिन्नरच्या वाटेवर आले.

पर्यटकांच्या झुंडीपासून अरण्याचे रक्षण कसे करावे हा पेच एकट्या अकोले तालुक्यास पडलेला आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट नावाच्या ठिकाणी असेच एका तालात चमकणारे काजवे आहेत, आणि तेथे काजव्यांच्या मोसमात मोटार नेण्याचा परवाना सोडतीने मिळतो. चिठ्ठी लागली तर जावयाचे, न लागली तर घरी बसून पुढच्या वर्षाची वाट पाहावयाची. तिकडे स्थायिक झालेल्या सेक्रेटरीसाहेबांच्या भाच्यास ती चिठ्ठी अद्याप लागलेली नाही, आणि या अन्यायाची कैफियत तो मामांच्या कानी वेळोवेळी घालीत असतो. त्याच देशात १८७२ साली स्थापन झालेले यलोस्टोन हे उद्यान आहे. तेथे गव्याच्या जातीच्या बायसनपासून निदान २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड दूर राहण्याचा सक्त हुकूम आहे, आणि तरीही पर्यटकांना सर्वाधिक इजा करतो तो अस्वल नव्हे, बायसन. कारण तो गरीब दिसतो व लोक त्याच्याबरोबर छायाचित्र काढावयास जातात. आपल्याकडची तऱ्हा याहून निराळी नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे सरत्या वर्षाला निरोप देण्याच्या मुहूर्तावर, विदर्भातील उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवून धरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. वाघीण सहा जणांचे कुटुंब घेऊन रस्ता ओलांडू पाहत आहे आणि कोणी तिला वाट देत नाही, हे दृश्य पाहून आम्हां नाशिककरांना द्वारकेची आठवण झाली असल्यास आमचा दोष नाही.

असो. वहिनी अखेर उतरल्या. वाटाड्याच्या मागून आम्ही रस्त्याच्या कडेने थोडे पुढे गेलो, एका वळणाआड मोटारींचा उजेड तुटला, आणि तेथे एक म्हातारा सादडा उभा होता. त्याच्या शेंड्याकडून एक ठिणगी निघाली, मग तिच्या डावीकडे दुसरी, मग मधल्या फांद्यांत दहा-वीस, आणि बघता बघता खालच्या झुडपापासून वरच्या डहाळीपर्यंत प्रकाशाची एक लाट चढली, शेंड्याशी जाऊन विझली, आणि झाड असे नाहीसे झाले की ते होते की नाही याचीच शंका यावी. चेअरमनसाहेबांच्या बाहीवर एक काजवा येऊन बसला. त्याचा फिकट हिरवा-पिवळा उजेड त्यांच्या घड्याळाच्या काचेवर पडत होता, नाहीसा होत होता, पुन्हा पडत होता. आणि पंचवीस वर्षे सोसायटीच्या सभा गाजविलेला तो मनुष्य हात जराही न हलविता, तोंड किंचित उघडे ठेवून उभा होता. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. सेक्रेटरीसाहेबांनी टॉर्च पाठीमागे लपविला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते त्यांच्या बाजूने नमूद करणे माझे कर्तव्य समजतो.

त्यानंतर मागल्या वळणावरून कोणीतरी स्पीकरवर एक गाणे लावले, त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या कोणी दुसरे लावले, आणि एका मोटारीने वळण घेता घेता आपले सारे दिवे त्या सादड्यावर सोडले. प्रखर उजेडात ते एक साधे, धुळकट, खडबडीत सालीचे झाड दिसू लागले. मोटारीतून एक आवाज आला, "इथे काही नाही रे, पुढे चल."

आमच्या पाच मोटारींपैकी सिन्नरच्या वाटेने गेलेल्या दोन रात्री साडेअकराला येऊन मिळाल्या, आणि जेवण त्यांच्याच डिकीत होते. तोवर मंडळींनी घोटीच्या कुरमुऱ्यांवर आणि गावातल्या पिठल्यावर गुजराण केली होती. तर्री मग सकाळी, तंबूपुढे, भाकरीबरोबर संपविण्यात आली. परतताना प्रत्येकाने आपापला कचरा पिशवीत भरून आणला, याचे कारण अव्वल कारकून तंबूच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते आणि पिशवी दाखविल्याखेरीज कोणास मोटारीत बसू देत नव्हते.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सहलीची छायाचित्रे येण्यास प्रारंभ झाला. सेक्रेटरीसाहेबांनी एकापाठोपाठ एक अशी जी पाठविली ती सर्व काळी होती. काहींत कोपऱ्यात एक पिवळा ठिपका होता, आणि तो मागच्या तंबूतला बल्ब असल्याचे पुढे निष्पन्न झाले. एकात काळोखाच्या मधोमध चेअरमनसाहेबांचे दात दिसत होते. "हे काय आहे?" असे न आलेल्या बिऱ्हाडांपैकी एकाने विचारले, त्यावर "काजवे" असे उत्तर देण्यात आले, व वाद मिटला. तीच चित्रे सेक्रेटरीसाहेबांनी अमेरिकेतल्या भाच्याकडेही रवाना केली. तिकडे तेव्हा सकाळ असावी. पाच मिनिटांत त्याचे उत्तर आले, "मामा, अप्रतिम! आमच्या नशिबी हे कुठलं?" आणि त्याखाली हात जोडल्याची तीन चिन्हे होती.